पंढरपूर लोकसभा मतदारसंघ मोडला, हे बरं झालं का वाईट?

भीमाकाठ
माढा लोकसभेवर दर निवडणुकीला रान पेटतं, पण त्याच्या आधी इथं पंढरपूर लोकसभा होती हे कॉलेजच्या पोरांना माहीतच नाही. 2008 च्या मतदारसंघ फेररचनेत ती गेली अन् 2009 ला माढा आला, पहिल्याच निवडणुकीत शरद पवार उभे राहिले आणि जिंकले, मग जुन्या जागेचं नाव कोण काढणार. पंढरपूर अनुसूचित जातीसाठी राखीव जागा होती. संदिपान थोरात 1977 पासून 1998 पर्यंत सलग सात वेळा निवडून आले, 77 ला देशभर काँग्रेसविरोधी लाट होती तरीपण. नंतर 1999 आणि 2004 ला रामदास आठवले. माझं सरळ म्हणणं आहे की आपल्या सोलापूर जिल्ह्याचं यात नुकसान झालंय.

ऊसपट्टा
नुकसान कसलं दादा? सात वेळा एकच माणूस आला म्हणजे मतदारसंघ जागा होता असं होत नाही. उमेदवार राखीव, पण मतांची चावी कारखाने आणि जिल्हा सहकार ज्यांच्या हातात त्यांच्याकडं. 1999 चंच बघा, काँग्रेस फुटली, राष्ट्रवादी निघाली, अकलूजकर मोहिते-पाटलांसकट निम्मा जिल्हा तिकडं गेला, राष्ट्रवादीनं आठवलेंना साथ दिली आणि सात वेळचा खासदार एका निवडणुकीत घरी बसला. मत खासदाराच्या नावाचं असतं तर असं झालं असतं का? 2009 ला खुली जागा झाल्यावर निदान ज्यांच्या हातात सत्ता आहे तेच समोर येऊन मत मागायला लागले. 2014 ला विजयसिंह मोहिते-पाटील स्वतः उभे राहिले, शेतकरी नेते सदाभाऊ खोतांनी घाम फोडला, जेमतेम पंचवीस हजारांनी वाचले. ही खरी लढत.

सात रस्ता
ऊसपट्टा यांच्याशी सहमत, अजून एक सांगतो. राखीव जागा गेली असं म्हणताय पण ती सोलापूरला आली की. तेव्हा राज्यात अनुसूचित जातीच्या तीन जागा होत्या, पंढरपूर, उस्मानाबाद, बुलढाणा. आता पाच आहेत, सोलापूर, लातूर, शिर्डी, अमरावती, रामटेक. समाजाला राज्यात दोन खासदार जास्त मिळाले. गावाच्या नावासाठी रडायचं का प्रतिनिधित्व बघायचं?

जोडबसवण्णा चौक
सात रस्ता, राज्याचा हिशोब बरोबर पण जिल्ह्याचा चुकतोय बघा. सोलापूरची जागा खुली होती तेव्हा 1998 आणि 1999 ला सुशीलकुमार शिंदे तिथून निवडून आले, खुल्या जागेवरून! आणि पंढरपूर राखीव. म्हणजे 98 ला थोरात आणि शिंदे, 99 ला आठवले आणि शिंदे, जिल्ह्याच्या नावाच्या दोन्ही जागांवर दलित खासदार, असं किती जिल्ह्यांत झालं असेल सांगा. आता सोलापूर राखीव आहे म्हणून एक नक्की, आणि माढ्यात दलित उमेदवाराला मोठा पक्ष तिकीट देईल याची आशाच नको.
या मातीचा इतिहास पण जुना हाय. 1952 ला सोलापूर दोन खासदारांची जागा होती, शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. त्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतः मुंबईत हरले होते आणि फेडरेशनचे लोकसभेत दोनच आले, त्यातला एक सोलापूरनं दिलेला. हे शाळेत कुणी शिकवत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ऊसपट्टा
राजभोजांचं मान्य, अभिमानच आहे. पण शिंदे खुल्या जागेवरून आले याचा अर्थ उलटा पण निघतो ना ताई, की माणूस मोठा असला तर राखीव लागत नाही. आणि जागा राखीव झाल्यावर तेच शिंदे 2009 ला जिंकले पण 2014 आणि 2019 ला पडले.

जोडबसवण्णा चौक
2019 ला प्रकाश आंबेडकर उभे होते, एक लाख सत्तर हजार मतं घेतली आणि शिंदे पडले दीड लाखाच्या वर मतांनी. ते तिरंगी लढतीमुळं, राखीव जागेमुळं नाही. दोन्ही एकात मिसळू नका.

भीमाकाठ
मला जागेच्या आरक्षणाइतकाच राग तालुका फाडल्याचा आहे. पंढरपूर तालुक्यातली गावं आज पंढरपूर, मोहोळ, माढा, सांगोला अशा चार विधानसभांत विखुरलीत, त्यातल्या पंढरपूर आणि मोहोळ सोलापूर लोकसभेत, माढा आणि सांगोला माढा लोकसभेत. एका तालुक्याला दोन खासदार. वारीच्या पालख्या माळशिरस तालुक्यातून येतात तोवर खासदार एक, विठ्ठलाच्या देवळापाशी पोचल्या की दुसरा. रस्ता, पाणी, फलटण-पंढरपूर रेल्वे, कुठल्याही कामाला पत्र कुणाला द्यायचं यातच निम्मा वेळ जातो आणि दोघंही दुसऱ्याकडं बोट दाखवू शकतात.

सात रस्ता
हा मुद्दा मात्र खरा आहे, तालुका असा कापायला नको होता. पण त्यासाठी जुनी पंढरपूर लोकसभा परत आणायची गरज नाही. लोकसंख्येचा हिशोब जुळवताना रेषा कुठंतरी जाणारच, ती तालुक्याच्या हद्दीवरून नेता आली असती एवढंच.

भीमाकाठ
मग पुढची फेररचना येईल तेव्हा हेच लिहून द्या. मागच्या वेळी पण फेररचना आयोगानं हरकती मागवल्या होत्या. मी तर लिहिणार, तालुका एकसंध पाहिजे आणि नावात पंढरपूर पाहिजे.

ऊसपट्टा
तालुका एकसंध, याला माझी पण सही घ्या. नावावर नाही.