आळशांचा अल्बम? न्यू ऑर्डरपुरतं तरी नाही

'ग्रेटेस्ट हिट्स आळशांसाठी, खऱ्या चाहत्याने मूळ अल्बमच ऐकावेत' हे नेहमी ऐकू येणारं मत एरवी मान्य. पण न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडच्या 'सबस्टन्स' या संग्रहाला (१९८७) ते लावता येत नाही. ही मंडळी सिंगल्स, म्हणजे सुटी निघणारी गाणी, बऱ्याचदा अल्बमबाहेरच काढायची. 'ब्लू मंडे' १९८३ चं, पण त्या वर्षीच्या अल्बमच्या मूळ ब्रिटिश एलपीवर ते नव्हतंच. मग ऐकणार कुठे? शिवाय इथे बहुतेक बारा इंची रेकॉर्डवरची लांब रूपं घेतलीत, त्यातली काही मात्र थोडी कापलेली आहेत.

माझी तक्रार वेगळी आहे. 'टेम्प्टेशन' आणि 'कन्फ्यूजन' त्यांनी या संग्रहासाठी नव्याने रेकॉर्ड केली. नवं 'टेम्प्टेशन' घासूनपुसून लख्ख, पण १९८२ च्या मूळ गाण्यातला धसमुसळेपणा गेला. दादाने राम मारुती रोडवर कॅसेट भरून घेतली होती त्यात जुनंच होतं. ते ऐकून वाढलेल्या माणसाला नवं म्हणजे रंगरंगोटी केलेलं जुनं घर वाटतं. 'सेरेमनी'चंही तेच, पहिलं नाही, कीबोर्ड-गिटार वाजवणारी जिलियन गिल्बर्ट बँडमध्ये आल्यावरचं दुसरं रेकॉर्डिंग घेतलंय. ते मात्र मला चालतं.

परवा घोडबंदर रोडला पाऊण तास अडकलो होतो. 'ब्लू मंडे'च्या सुरुवातीचा तो ड्रम मशीनचा ठोका, धड-धड आणि मग एकदम बंदुकीसारखी फैर. शेजारचा रिक्षावाला वाकून बघायला लागला. काच खाली केली, आवाज वाढवला. त्याने मान डोलावली. गाणं सात मिनिटांच्या वर चालतं, गाडी तेवढ्यात फार तर दोन खांब पुढे सरकली असेल.