हार्टच्या स्नायूवर रिसर्च, एमबीबीएस नसताना जमेल का?

कलिनाकर: एमएस्सी लाइफ सायन्स संपत आलंय, कार्डिओमायोपथी (हार्टच्या स्नायूचा आजार) आणि हार्टमधल्या फायब्रोसिसवर (स्नायूत व्रणासारखे धागे साठणं) पीएचडी करायचीये. घरचे म्हणतात डॉक्टर नाहीस तर हार्टचं काय करणार. खरंच अडेल का?

ठाणे_स्लो: अजिबात नाही रे. ताण आला की हार्टमधले फायब्रोब्लास्ट (आधाराचे धागे बनवणाऱ्या पेशी) टीजीएफ-बीटा या प्रोटीनच्या सिग्नलने रूप बदलतात आणि कोलॅजन, म्हणजे तेच चिवट धागे, टाकत सुटतात, मग भिंत कडक होते, आणि मोठ्या माणसात स्नायूच्या पेशी वर्षाला १ टक्काही नव्या होत नाहीत त्यामुळे व्रण तिथेच राहतो. मॅसन ट्रायक्रोम हा रंग लावलेली स्लाइड बघ एकदा, लाल स्नायूत निळं कोलॅजन घुसलेलं दिसतं. हे थांबवायचं कसं यात लोकांची अख्खी करिअर गेलीयेत, त्यात बिगरडॉक्टर भरपूर.

परळची_ताई: आपल्याकडे तर विषय तयारच आहे. एमवायबीपीसी३ (हार्टच्या स्नायूतल्या एका प्रोटीनचा जीन) मधला डीएनएच्या २५ अक्षरांचा (बेसचा) तुकडा गळालेला, कार्डिओमायोपथीशी जोडलेला हा बदल साधारण ४ टक्के दक्षिण आशियाई लोकांत सापडतो, २००९ चा पेपर आहे तो वाच. पण आधी नेट-जेआरएफ (पीएचडीसाठी फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा) काढ बाबा, तिच्या महिन्याच्या ३७ हजारात मुंबईत भाडं भरून राहणं म्हणजे जिवावर येतं, घरून ये-जा जमत असेल तर उत्तम.

कलिनाकर: थँक्स ताई, कल्याणहून येतो, लोकल आहेच नशिबात 😅