शब्दचर्चा: 'ॲट्रॉसिटीचे पैसे' पत्रकात कसे लिहायचे?

ऐरोलीकरीण: वस्तीत वाटायला दोन पानी पत्रक करतेय. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली सरकारकडून पीडितांना मिळणाऱ्या रकमेबद्दल. इंग्रजी नियमांत 'रिलीफ' आहे. मी 'अनुदान' लिहिलं, तर दिघ्याच्या एका ताईंनी कागद परत दिला. म्हणाल्या, "अनुदान गाईम्हशींवर मिळतं. आम्हाला मारलंय." मग 'भरपाई' लिहू? की सरकारी 'अर्थसहाय्य'?

चेंदणीवाला: भरपाई नको. ज्यानं नुकसान केलं त्यानं द्यायची ती भरपाई. इथे आरोपीच्या खिशातून छदामही जात नाही.

खाडीपलीकडे: पटत नाही. राखण करणं सरकारचं काम होतं, ते झालं नाही, म्हणून सरकार भरतं. नियम 1995 चे. 2016 च्या सुधारणेत रक्कम गुन्ह्याप्रमाणे 85 हजार ते सव्वाआठ लाख केली. खून असेल तर निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर. निकालापर्यंत थांबायचं नाही. याला मदत कसं म्हणता? हक्काचे पैसे आहेत.

शुद्धाक्षरी: काहीही लिहा, पण 'सहाय्य' लिहू नका. सहाय म्हणजे सोबती, त्याचं भाववाचक 'साहाय्य'. विठ्ठल रामजी शिंद्यांनी 1906 साली अस्पृश्यांसाठी काढली ती निराश्रित साहाय्यकारी मंडळी. तेव्हा काना खाल्ला जात नव्हता.

ऐरोलीकरीण: काका, खात्याचंच नाव 'सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग' आहे. अर्जावर तेच छापलेलं असतं. बाई अर्ज शोधणार की काना?

शुद्धाक्षरी: चूक छापली की बरोबर होत नाही. आणि 'निराश्रित' किती नेमका शब्द होता!

खाडीपलीकडे: नेमका? ज्यांच्या श्रमावर गाव चालायचं ते निराश्रित? म्हणून तर बाबासाहेबांनी 1924 ला काढलेल्या 'बहिष्कृत हितकारिणी सभे'च्या नावात 'बहिष्कृत' घातलं. बहिष्कृत म्हटलं की बहिष्कार घालणारा कोण, हा प्रश्न आपोआप येतो.

चेंदणीवाला: शब्दच काढायचा तर 'शासन' काढा. 'कडक शासन व्हायला हवं' म्हणजे शिक्षा, आणि 'शासनाकडून मदत' म्हणजे सरकार. मूळ अर्थ आज्ञा, आणि त्यावरून आणखी एक जुना अर्थ: राजाच्या दानाचा लेख. आमच्या ठाण्याच्या किल्ल्यात 1787 साली शिलाहार अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, 1017 चा. त्याला ताम्रशासन म्हणतात. राजा देतोय आणि कोरून देतोय. थोडक्यात, शासन म्हणजे दानपत्रसुद्धा!

खाडीपलीकडे: ते दान कोणाला गेलं तेही सांगा की. ब्राह्मणाला.

चेंदणीवाला: मी अर्थाबद्दल बोलतोय, जातीबद्दल नाही.

खाडीपलीकडे: हो का.

मधलीआळी: मला 'प्रतिबंध' खटकतो. कायद्याच्या नावात प्रतिबंध, आणि ही रक्कम मार खाल्ल्यावर. मुळात मारहाण होऊच नये म्हणून दिलेल्या पैशाला शब्द आहे का आपल्याकडे? 2007 ची तंटामुक्त गाव मोहीम आठवली. तिथे तंटे मिटवले की गावाला चक्क बक्षीस मिळायचं. माझ्या मामाच्या गावी कमानीवर रंगवलं होतं.

ऐरोलीकरीण: तंटा दोघांत होतो हो. बांधावरून, नळावरून. चौघांनी घरात शिरून एकाला मारलं, तर तो तंटा नाही. हाच शब्द वापरून आमच्याकडे "मिटवून टाका, गावाचं नाव जाईल" सुरू होतं.

मधलीआळी: मोहिमेचा हेतू तसा नव्हता.

ऐरोलीकरीण: हेतू कमानीवर असतो. मिटवायला येतात ते घरात येतात.

शुद्धाक्षरी: 'तंटा' द्रविड असावा असा माझा कयास आहे. 'तंडणे'शीही नातं लागेल. कोणाकडे जुना कोश आहे का?

चेंदणीवाला: माझ्याकडे आहे, पण माळ्यावर. रविवारी काढतो. 'टंटा' असंही म्हणायची आमची आजी.

शुद्धाक्षरी: 'टंटा' हिंदीत आहे. आजी कुठल्या?