होपी-तेवा मडकी आणि 'अखंड परंपरा' म्हणे!

खापरखुंटी: परवा इथेच एकानं अमेरिकेतल्या होपी आणि तेवा आदिवासींच्या मडक्यांबद्दल लिहिलं, "होपी-तेवा भांड्यांवरची प्रत्येक रेघ ही हजारो वर्षं अखंड चालत आलेली गूढ लिपी आहे." वर लाइकच्या बदामांचा पाऊस! अखंड कसली? सिक्यात्की हे होपींचं जुनं गाव स्पॅनिश यायच्या आधीच ओस पडलं. तेवा लोक स्पॅनिशांविरुद्धच्या १६८०च्या बंडानंतर रिओ ग्रांदे नदीकडून होपींच्या फर्स्ट मेसा पठारावर आले आणि हानो गाव वसवलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हानोच्या नाम्पेयो या कुंभारणीनं सिक्यात्कीची नक्षी पुन्हा उचलली, कारण थॉमस कीमसारख्या व्यापाऱ्यांकडे जुन्या घाटाला गिऱ्हाईक होतं. १९०५ला ती ग्रँड कॅन्यनच्या होपी हाउसमध्ये पर्यटकांपुढे मडकी घडवत होती. हे दुकान आहे, लिपी नव्हे.

उन्हाळवारा: नाम्पेयोचे वडील वाल्पी गावचे होपी होते, ते सोयीस्कर गाळलंत. आणि विकलं की अर्थ संपला? पैठणी विकतात म्हणून पदरावरचा मोर खोटा? त्या बारीक रेघांच्या 'स्थलांतर' नक्षीत घरचे लोक आपल्या पूर्वजांची भटकंती बघतात. त्यांचं ऐकायचं की तुमचं?

जुनाट: पुरातत्त्वज्ञ फ्यूक्सचं कुणी नावच काढत नाही. १८९५ला त्यानं सिक्यात्की खणलं, नाम्पेयोचा नवरा लेसू तिथं मजूर. त्यानं खापरं घरी आणली, म्हणून हे सगळं.

उन्हाळवारा: आलं! उत्खननाआधीपासून ती जुनी नक्षी काढत होती. बाईनं काही केलं की मागे साहेब नाहीतर नवरा. माझ्या आत्यानं जन्मभर रांगोळ्या जमवल्या, पुस्तकावर नाव काकांचं. त्यांना धड ठिपके मांडता येत नव्हते!

जुनाट: आत्याबद्दल वाईट वाटलं. पण नाम्पेयोची नजर गेल्यावर तिची मडकी रंगवली कुणी? लेसूनं, मुलींनी. तिची सहीसुद्धा नसायची. मग श्रेय कुणाचं?

उन्हाळवारा: घडवणारीचं! आंधळेपणी नुसत्या बोटांनी वळ्या चढवून तो घाट आणायचा, तुम्ही आणून दाखवा.

फिनिक्सकर: भांडा, पण मला कुणी सांगेल का? इथल्या एका दुकानानं 'अस्सल होपी' म्हणून मडकं गळ्यात मारलं. रेघा पट्टीनं मारल्यासारख्या.

खापरखुंटी: रेघेवरून काही ठरत नाही. युका या झुडपाचं पान चावून केलेल्या कुंचल्यानं त्या बायका केसाएवढी रेघ ओढतात. अंग बघा. मेंढ्यांच्या लेंड्यांत उघड्यावर भाजलं की पिवळ्यापासून नारिंगीपर्यंत झाक चढते.

फिनिक्सकर: माझं सगळीकडून एकच गुलाबी. गेले पैसे.

उन्हाळवारा: खापरखुंटी, 'दुकाना'तल्या मालाची बरीच माया दिसते तुम्हाला.

खापरखुंटी: बरं बाई, 'दुकान' मागे. तुम्ही 'अखंड' मागे घ्या.

उन्हाळवारा: मी म्हटलंच कधी? ज्यानं म्हटलं तो तिकडे बदाम मोजतोय.