'ताबा घेणे' आणि 'बळकावणे' समानार्थी कसे?

पाटीपेन्सिल: पुतणीच्या गाइडात समानार्थी म्हणून दिलंय: ताबा घेणे, कब्जा करणे, बळकावणे, सूत्रे हाती घेणे. विरुद्धार्थी एकच, ताबा सोडणे. अहो, बिल्डरने किल्ली दिली की आपण फ्लॅटचा ताबा घेतो, पेढे वाटतो. बळकावतो का? नवे कलेक्टर सूत्रे हाती घेतात, तिथे 'कब्जा केला' लिहून बघा! माझी कसोटी साधी आहे: उलटा शब्द लावायचा. ताबा देतात, सूत्रे सोपवतात. बळकावलेलं मात्र कोर्टात जाऊन सोडवावं लागतं.

बांधावरचा: 'कब्जा'ला उगाच बदनाम करताय. आमच्या खरेदीखतात 'खुला व प्रत्यक्ष कब्जा दिला' असंच लिहिलंय. पैसे मोजून घेतलेली जमीन आहे. चुलत्याने बांध कोरून आत घेतली ती हातभर जमीन बळकावलेली.

खडूवाली: वर्गात 45 पोरं असतात. एवढा कीस काढत बसले तर धडा कधी संपायचा? जवळचे शब्द एकत्र दिले की लक्षात राहतात. छटा पुढे वाचनातून कळतात.

पाटीपेन्सिल: बाई, छटा नव्हे, अर्थच उलटतो. 'चालकाचा ताबा सुटला' हा अपघात. 'ताबा सोडला' लिहिलं तर त्याने मुद्दाम स्टिअरिंग सोडलं असं होईल. मग गाइडातला एकच विरुद्धार्थी कसा पुरणार?

बांधावरचा: सुटणे-सोडणे पटलं. पण तिसरंही आहे. 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी मोगलांना 23 किल्ले दिले. सोडले? सुटले? सोडावे लागले.

खडूवाली: आणि त्यातलाच कोंढाणा 1670 मध्ये परत आला. आपण म्हणतो सर केला, घेतला. मोगलांच्या बातमीदाराने मराठीत लिहिलं असतं तर 'बळकावला' म्हणाला असता. किल्ला तोच, रात्र तीच. म्हणूनच हे शब्द एका ओळीत बसतात!

पाटीपेन्सिल: हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग गाइडात शब्दापुढे 'कोण बोलतंय' असा रकाना हवा. फ्लॅटच्या बाबतीत मात्र मी हटणार नाही.

बांधावरचा: चुलता म्हणतो, त्याने ताबा घेतला.