कूलंट टेंपरेचर सेन्सर बदलल्यापासून थंड इंजिन सुरू व्हायला त्रास – मदत हवी आहे

निळीगाडी (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोलची आहे, चार सिलिंडर, मल्टिपॉइंट इंजेक्शन. आधीची तक्रार वेगळी होती. चेक इंजिनचा दिवा लागला होता, रेडिएटरचा फॅन चावी ऑन केल्यापासून फिरत राहायचा आणि पेट्रोलचा वास यायचा. स्कॅनरवर कोड आला पी ०११८, म्हणजे कूलंट टेंपरेचर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. सेन्सर काढून मीटर लावलं तर आतून उघडाच निघाला, काहीही रेझिस्टन्स दाखवत नव्हता. गॅरेजमध्ये त्याच पार्ट नंबरचा नवा बसवून घेतला. दिवा गेला, फॅन वेळेवर लागतो आणि बंद होतो, गरम इंजिन अर्ध्या सेल्फवर उचलतं.

पण आता रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही. सेल्फ दणदणीत फिरतो, बॅटरी नवीन आहे, तरी इंजिन नुसतं फिरत राहतं. सोडून पुन्हा सेल्फ मारला की कधीतरी पकडतं, पकडल्यावर लगेच मान टाकतं. पाय ठेवून सांभाळावं लागतं. पहिल्या मिनिटात मिसिंग असतं, पुढे सगळं सुरळीत. एक गोष्ट मला खटकते. आधी थंड इंजिनाचं आयडलिंग (पेडलवर पाय नसताना इंजिन फिरण्याचा वेग) चांगलं बाराशे आरपीएमच्या वर असायचं आणि हळूहळू खाली यायचं. आता सुरू होतं तेच नऊशेच्या आसपास.

काय काय बघून झालंय: प्लग काढले, कोरडे आणि फिकट आहेत, काजळी नाही. एअर फिल्टर साफ. नव्या सेन्सरचा कपलर (वायरींचं जोडटोक) काढून सकाळी थंड इंजिनावर मीटर लावलं, साधारण २.४ किलोओहम आलं. इंटरनेटवरच्या तक्त्यांप्रमाणे हे बरोबर वाटतं. कोड कुठलाच नाही. गॅरेजवाले म्हणतात सेन्सर चांगला आहे, आता फ्युएल पंप बदलून बघू. पंप बदलण्याआधी जाणकारांचं मत हवंय. दुखणं सेन्सर बदलला त्या दिवसापासूनच सुरू झालं, त्यामुळे पंपाकडे वळायला मन होत नाही.

पानापक्कड:

पंपाचा संशय घरच्या घरी निकालात काढता येतो. सकाळी चावी नुसती ऑन करा, मागून पंपाचा दोन-तीन सेकंदांचा आवाज येईल. थांबला की चावी ऑफ, पुन्हा ऑन. असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारा. रात्रभरात लाइनमधला दाब उतरत असेल (पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर) तर गाडी पटकन उचलेल. काही फरक पडला नाही तर पंप सोडून द्या.

तुमच्या वर्णनावरून मला मिश्रण पातळ वाटतंय. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, बराचसा भाग मॅनिफोल्डच्या आणि सिलिंडरच्या भिंतींना चिकटून राहतो. म्हणून ईसीयू (इंजिन चालवणारा कंप्युटर) थंड इंजिनाला मुद्दाम जास्त वेळ इंजेक्टर उघडून देतो, आयडलिंगही वाढवतो. तुमच्याकडे या दोन्ही गोष्टी होत नाहीयेत. कोरडे प्लग आणि नऊशेचं आयडलिंग एकच गोष्ट सांगतात: ईसीयूला इंजिन थंड आहे हे कळतच नाहीये.

डिझेलप्रेमी:

पानापक्कड यांच्याशी सहमत. आमच्याकडे डिझेलमध्ये हाच सेन्सर चुकला की ग्लो प्लग पुरेसा वेळ तापत नाहीत, लक्षणं थेट अशीच.

तात्पुरता उपाय म्हणून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारून बघा.

पानापक्कड:

पूर्ण दाबू नका! बहुतेक इंजेक्शन गाड्यांत पेडल तळाला लावून सेल्फ मारला की ईसीयू इंजेक्टर बंद करतो. ती सोय प्लग पेट्रोलने भिजले तर ते सुकवायला आहे. इथे आधीच पेट्रोल कमी पडतंय, तेही बंद होईल. पेडल अगदी हलकं दाबलं तर चालेल.

निळीगाडी:

चावी ऑन-ऑफ करून बघितलं, काडीचाही फरक नाही. पंप सुटला म्हणायचा.

पण एक अडचण आहे. ईसीयूला इंजिन गरम वाटतंय असं म्हणावं तर सेन्सर मीटरवर बरोबर आकडा देतोय. आणि एका मित्राने सुचवलंय की सेन्सरच्या वायरमध्ये पाचशे ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये (सेन्सरच्या पाठोपाठ, त्याच वाटेत) टाक, ईसीयूला इंजिन थंड वाटेल आणि गाडी पटकन उचलेल. करावं का?

वायरमन:

रेझिस्टर अजिबात टाकू नका. कारण जरा सविस्तर सांगतो, तुमच्या दुखण्याचं उत्तरही बहुधा त्यातच आहे.

हा सेन्सर एनटीसी थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की रेझिस्टन्स घटतो, आणि तो सरळ रेषेत घटत नाही. सर्रास आढळणाऱ्या एका प्रकाराचे आकडे असे: ० अंशाला सुमारे ५.९ किलोओहम, २० ला २.५, ४० ला १.२, मग ८० ला जेमतेम ३२० ओहम आणि १०० ला १९० च्या आतबाहेर. तुमचं २.४ याच वळणाला जुळतं. ईसीयू आपल्या पोटातल्या रेझिस्टरमधून ५ व्होल्ट पाठवतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट पडतात ते मोजतो. सेन्सर त्याला दिसत नाही. वायर, कपलर, पिना आणि सेन्सर या सगळ्यांचा मिळून जो रेझिस्टन्स होतो तोच त्याला दिसतो.

आता सिरीजमध्ये पाचशे ओहम टाकलेत तर सकाळी २४०० चे २९०० होतील, म्हणजे ईसीयूला चार-पाच अंशांचा फरक दिसेल. इंजिन पूर्ण तापल्यावर मात्र १९० चे ६९० होतील आणि १०० अंशाचं इंजिन त्याला ५६ अंशांचं वाटेल. फॅन या सेन्सरवर चालत असेल तर तो लागणारच नाही. इंजिन तापून हेड गॅस्केट जाईपर्यंत ईसीयू आपला थंड इंजिनाचं पेट्रोल ओतत बसेल.

याच्या उलट विचार करा. सेन्सरच्या दोन पिनांमध्ये कुठून तरी गळती आहे, म्हणजे पॅरललमध्ये (सेन्सरला समांतर) साधारण ३ किलोओहमची वाट तयार झाली आहे असं धरू. गरम असताना ३२० ला ३००० पॅरलल म्हणजे २९०, ईसीयूला ८० ऐवजी ८३ दिसेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. थंड असताना मात्र २४०० ला ३००० पॅरलल म्हणजे सुमारे १३३०. हा आकडा ३७ अंशांचा आहे. गरम इंजिन झकास, थंड इंजिन बेजार, आणि ३७ अंश हे अगदी शक्य तापमान असल्याने कोडही येणार नाही. कपलर काढून मोजलंत की गळतीची वाट मोजमापातून बाहेर राहते, म्हणून मीटरवर सेन्सर निर्दोष दिसतो.

लक्षात ठेवायला सोपं: सिरीजमधला दोष गरम इंजिनाला नडतो, पॅरललमधला थंड इंजिनाला.

दोन गोष्टी करा. रात्रभर उभ्या गाडीत, सेल्फ न मारता, फक्त चावी ऑन करून स्कॅनरवर कूलंटचं आणि इनटेकच्या हवेचं तापमान शेजारी शेजारी वाचा. रात्रभरात सगळं एकाच तापमानाला आलेलं असतं, दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नको. मग सेन्सरचा कपलर काढून कूलंटचा आकडा बघा. सर्किट पूर्ण उघडलं की उणे ४० च्या आसपास यायला हवा. काही गाड्यांत ईसीयू फॉल्ट पकडला की स्वतःचा गृहीत आकडा दाखवायला लागतो, म्हणून काढल्या काढल्या बघा. फॅन अचानक फिरू शकतो, हात लांब ठेवा. कोड येईल, तो नंतर पुसता येतो.

पानापक्कड:

वायरमन, छान समजावलंत. एक भर घालतो: सेन्सर काढल्यावर कूलंट सांडतं आणि त्या जागी हवा शिरते. एअर लॉक राहिला तर सेन्सरचं टोक हवेत लोंबतं. पण तेव्हा आकडा गरम होताना उड्या मारतो, हीटरही मधूनच गार हवा फेकतो. रात्रभर उभ्या गाडीत हवा असो की कूलंट, तापमान तेच असणार, त्यामुळे फक्त सकाळच्या त्रासाला एअर लॉक जबाबदार धरता येत नाही. तरी थंड इंजिनावर कॅप उघडून पातळी बघून घ्या. गरम असताना कॅपला हात लावू नका.

निळीगाडी:

वायरमन, तुम्ही सांगितलंत तसंच आलं. सकाळी इनटेकची हवा २१, कूलंट ३७. कपलर काढला तर उणे ४० ऐवजी १६!

म्हणजे सेन्सर जागेवर नसतानाही ईसीयूला काहीतरी रेझिस्टन्स दिसतोय. मग टॉर्च लावून कपलरच्या आत बघितलं. पिनांच्या बुडाशी हिरवट पांढरा थर, आणि रबरी सीलच्या घडीत ओल. बोट लावलं तर पाणी नव्हतं, बुळबुळीत होतं. वासही कूलंटचाच. सेन्सरच्या बाजूच्या पिना त्या मानाने स्वच्छ आहेत.

एवढ्या दिवसांच्या इंजिनाच्या उष्णतेत ते सुकलं कसं नाही? आणि आता साफ कशाने करू? घरात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आहे.

वायरमन:

१६ अंश म्हणजे साधारण ३ किलोओहमचीच गळती, हिशेब जुळला.

कूलंटमध्ये पाण्याबरोबर बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं आणि त्याचा उत्कलनबिंदू १९७ अंश आहे. पाणी उडून जातं, ग्लायकॉल आणि त्यातले गंजरोधक क्षार मागे राहतात. हवेतली ओलही ते धरून ठेवतं. म्हणून कूलंटने भिजलेला कपलर आपोआप बरा होत नाही. उलट दोन पिनांमध्ये सतत व्होल्टेज असल्याने पिना कुरतडल्या जातात, हिरवा थर त्याचाच.

नुसत्या कॉन्टॅक्ट क्लीनरवर विसंबू नका, त्याने ग्लायकॉल नीट निघेलच असं नाही. ग्लायकॉल पाण्यात सहज विरघळतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कपलर तोंड खाली करून डिस्टिल्ड वॉटरने सिरिंज मारून धुवा, बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. मग कॉन्टॅक्ट क्लीनर, म्हणजे पाणी निघून जाईल. कोमट हवेने पूर्ण सुकवा. रबरी सील काढता येत असेल तर काढून त्याच्या मागेही धुवा, ओल तिथेच लपते. पिनांवर पॉलिश पेपर घासू नका, मुलामा निघतो. मऊ ब्रश पुरे. जोडण्याआधी पुन्हा तपासणी: कपलरच्या दोन पिनांमधली गळती ईसीयूच्या वायरिंगसकट मीटरने मोजायला जाऊ नका, सरळ बॅटरी लावून चावी ऑन करा आणि स्कॅनरवर उणे ४० येतंय का बघा. आलं की सीलला थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावून बसवा.

निळीगाडी:

धुतलं, सुकवलं. चावी ऑन केली, उणे ४०. कपलर जोडला, कोड पुसला.

आज सकाळी कूलंट २१, हवा २०. पहिल्याच सेल्फला इंजिन पकडलं आणि आयडलिंग बाराशेच्या वर जाऊन स्थिर राहिलं. पाय ठेवावा लागला नाही. मनापासून आभार, पंपाचा खर्च आणि डोक्याचा ताप दोन्ही वाचले.

शेवटचा प्रश्न: कूलंट आत गेलं कुठून? सेन्सर बदलताना वरून सांडलेलं असेल तर विषय संपला. पण नवा सेन्सरच आतून पाझरत असेल तर काही दिवसांनी पुन्हा हेच. ओळखायचं कसं?

वायरमन:

सेन्सरच्या आजूबाजूचा भाग पूर्ण पुसून कोरडा करा. रोजच्यासारखी गाडी चालवा, इंजिन चांगलं तापू द्या आणि रात्रभर थंड होऊ द्या. तापल्यावर सिस्टीममध्ये दाब येतो, बारीक पाझर तेव्हाच बाहेर पडतो. असं काही दिवस झालं की कपलर काढा आणि टिश्यू पेपरची बारीक वळी करून सेन्सरच्या पिनांच्या बुडाशी टेकवा. कोरडी आली तर ते सांडलेलंच होतं. ओली आली, तर सेन्सरच्या बाहेरच्या कडेला ओरिंग किंवा वॉशरपाशीही टिश्यू फिरवा. बाहेर ओलं असेल तर सील बदलायचा. बाहेर कोरडं आणि पिनांपाशी ओलं असेल तर कूलंट सेन्सरच्या पोटातून वर येतंय, तो सेन्सर वॉरंटीत परत करा. तो वापरत राहिलात तर कूलंट तांब्याच्या तारांमधून इन्सुलेशनच्या आतून पुढे सरकतं, आणि मग कपलर धुऊन भागत नाही, वायरच कापून नवी जोडावी लागते.