जांगड म्हणजे उधारी नव्हे, कोर्टाला हे कुणी सांगायचं?

कागदवाला (सोलापूर)
मंडळी, शब्द आहे 'जांगड'. मी कोर्टाच्या कागदांची मराठीतनं इंग्रजीत भाषांतरं करतो, मागच्या आठवड्यात टॉवेलच्या व्यवहाराची एक चिठ्ठी हातात आली, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली, आणि त्यावर निळ्या पेनानं एवढंच लिहिलेलं: जांगड २० डझन, ८ रोज. आधी कुणीतरी त्याचं भाषांतर 'उधार विक्री' या अर्थानं करून ठेवलंय. मला ते पटेना. तुमच्याकडं हा शब्द कसा वापरतात?

चाटीगल्ली
चुकलंय ओ ते भाषांतर, साफ चुकलंय. आमचं कापडाचं दुकान आहे, आणि चाटी म्हणजेच कापडवाला, तेव्हा हा शब्द आमच्या घरातलाच म्हणा की. जांगड म्हणजे पसंतीवर दिलेला माल. लग्नाचा बस्ता असला की गिऱ्हाईक ५० साड्या घरी नेतं, बायका बघतात, १२ ठेवतात, ३८ परत येतात, पैसे फक्त १२ चे. उधारीत माल त्यांचा झालेला असतो आणि पैसे आमचे अडकलेले असतात, जांगडात माल अजून आमचाच असतो, म्हणून जांगडाची वहीच वेगळी ठेवतो, खतावणीत, म्हणजे गिऱ्हाइकांच्या खात्यांच्या वहीत, नाव चढवत नाही.

काळाकोट
कायद्यातही हा फरक अगदी स्पष्ट आहे. १९३० चा सेल ऑफ गुड्स ॲक्ट, कलम २४. पसंतीवर दिलेला माल घेणाऱ्याचा कधी होतो, तर त्यानं पसंती कळवली, किंवा माल आपलाच असल्यासारखं वागला (म्हणजे पुढं विकून टाकला वगैरे), किंवा नापसंती न कळवता ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त दिवस ठेवून घेतला तर. मुदत ठरलेली नसेल तर वाजवी काळ बघतात. म्हणून तुमच्या चिठ्ठीतलं '८ रोज', म्हणजे आठ दिवसांची मुदत, लई महत्त्वाचं आहे! पाचव्या दिवशी दुकानाला आग लागली तर साधारणपणे नुकसान माल देणाऱ्याचं, आणि उधार विक्री धरली तर घेणाऱ्याचं. सगळी केस एका शब्दावर फिरते.

कागदवाला
आता माझी खरी तळमळ सांगतो. असले धंद्यातले वाद वेगळ्या कमर्शियल कोर्टात चालवायचा कायदा आहे, २०१५ चा कमर्शियल कोर्ट्स ॲक्ट, त्यात कलम २० न्यायाधीशांच्या ट्रेनिंगसाठीच आहे, राज्य सरकारनं हायकोर्टाशी सल्लामसलत करून त्याची सोय करायची. आपल्या राज्याची ज्युडिशियल अकादमी भाईंदरजवळ उत्तनला आहे, देशपातळीवरची भोपाळला. तिथं करार, लवाद, पेटंट शिकवावंच, पण बाजारात लिहिली जाणारी चिठ्ठी कशी वाचायची हेही शिकवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. कारण आधी हा कायदा १ कोटीच्या वरच्या वादांना होता, २०१८ मध्ये ती मर्यादा ३ लाखांवर आणली, म्हणजे आता चादरीवाला, सूतवाला, मार्केट यार्डातला कांद्याचा अडत्या, सगळे त्यात येऊ शकतात. आणि हे लोक व्यवहार मराठीत, तेलुगूत, कानडीत लिहितात, जजसाहेब आज इथं तर तीन वर्षांनी विदर्भात.

शब्दवेडी
त्या कोर्टाला मराठीत 'वाणिज्यिक न्यायालय' म्हणतात ना? मला 'व्यापारी न्यायालय' सोपं वाटतं.

काळाकोट
सोपं आहे ताई, पण ऐकणाऱ्याला वाटेल व्यापाऱ्यांनीच चालवलेलं कोर्ट. त्या कायद्यात कुठले वाद येतात त्याच्या व्याख्येत मर्चंट, बँकर, फायनान्सर, ट्रेडर असे चार शब्द आहेत, आणि मर्चंट नि ट्रेडर दोघांना आपण व्यापारीच म्हणतो. तिथं 'वाणिज्यिक' बरा, बोलताना कमर्शियल कोर्टच.

शब्दवेडी
पटलं. मग जांगडचं भाषांतर काय करायचं? 'पसंतीवर' म्हटलं तर मुदतीचा भाग सुटतो असं वाटतं.

काळाकोट
माझं मत, भाषांतर करूच नका. जांगड तसाच ठेवा आणि अर्थ साक्षीदाराकडनं येऊ द्या. १८७२ च्या एव्हिडन्स ॲक्टमध्ये कलम ९८ होतं, स्थानिक किंवा धंद्यातल्या शब्दाचा अर्थ दाखवायला पुरावा देता येतो, आणि २०२३ च्या नव्या साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद ठेवलीय. पण अर्थ विचारायला पाहिजे हे आधी जजच्या लक्षात यायला पाहिजे ना, आणि कागदावर 'उधार विक्री' छापून आलं तर कोण कशाला विचारेल.

चाटीगल्ली
साक्षीदार म्हणून जुना मुनीम बोलवा. आमच्याकडचे मुनीम वहीत माल परत आला की जांगडाच्या ओळीवर आडवी रेघ मारतात, आणि ठेवून घेतला की त्याच ओळीपुढं बिलाचा नंबर घालतात. तुमच्या त्या २० डझनाची वही मागवा, रेघ आहे का नंबर आहे ते बघा.

कागदवाला
वहीचं लक्षातच आलं नव्हतं ओ. उद्याच वकीलसाहेबांना सांगतो, आणि भाषांतरात जांगड तसाच ठेवतोय.